देवळी रिकामी ठेवायची न्हाई

औंढे, ता. २० मार्च २०२५

चि. स्नेहल हिस सासूचा अनेक आशीर्वाद. सृष्टीला गालाचा पापा.

व्हय, मोटरसायकल आलती दारात. ज्योत्स्नानं फोन करून सांगितलं असंल. शेजारीण न्हवं, आकाशवाणी हाय ती. रंगवाला व्हता गं. डबे दाखवत दारोदार फिरत व्हता, पाणी पिऊन गेला. माझ्याकडं दुसरं कोण येतंय मोटरसायकल घेऊन? आलाच कोणी तर आधी तुला कळवीन, बस्ता तूच बांध.

कागद लिहिते त्याचं नवल करू नको. फोनवर तू जेवलात का म्हणून इचारतीस, मी व्हय म्हणती, मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. माझ्या निलेशचं नाव निघंल म्हणून तू भितीस आन मी बी. तुझं सासरं कर्जतला रेल्वेत गँगमन व्हते तवा आमचा निम्मा संसार कागदावरच झाला. सातवी शिकलेली बाई हाय मी. पाकिटावर तुझ्या नावाआधी हात सौ. लिहूनच गेला. मग खोडलं. पोस्टमनला वाटंल शाई सांडली.

आता कामाचं. आपली देवळी तुला ठावं हाय, चुलीकडच्या भिताडातली. निलेशच्या तेराव्याला दत्तोबा भाऊजींनी देवाचं टाक तांबड्या फडक्यात बांधून नेलं ते तू बघितलंस. घरात गडीमाणूस उरला न्हाई, पूजा कोण करणार, असं म्हणले. माझ्या दिराचं खरं असंल. पण खंडोबा गेला, भैरोबा गेला आन मागं नुसती काळीकुट्ट देवळी राहिली. तीत पालीनं अंडी घातली. दिवस मावळला की हात आपसूक तिकडं जातो आन मग सुचत न्हाई, जोडायचा कुणाला.

म्हणून म्या खरवडून काजळी काढली आन चुना मारला. ठरवलं की तितं तुझा बुद्ध बसवायचा. तू माझ्याकडं राहिलीस तेवढं महिने तुझी मूर्ती ब्यागेतच राहिली. पहाटे तू ब्यागेची चैन उघडून हात जोडायचीस आन मी घोंगडीतनं एका डोळ्यानं बघायची. तू कधी इचारलं न्हाईस, म्या कधी म्हणले न्हाई. आता म्हणते. देव घरात आला की तूबी ये. सृष्टीला लोणावळ्यात शाळा काय कमी हायत? कामशेतच्या माहेरातनं तळेगावला जातीस, नर्स काय फक्त तितंच लागती?

मूर्ती तर आणलीबी. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानाशेजारी मिळाली. दुकानदार म्हणाला, मावशी, बुद्ध पाहिजे तर हाच न्या, घरात पैसा येतो. हसरा हाय, टकलू हाय, पाठीला गाठोडं आन पोट तर आठव्या महिन्याचं. राजवाडा सोडून रानात उपाशी बसलेला माणूस एवढा कसा सुटला, ते कळंना. पण म्हणलं, देवाच्या खाण्यावर आपण कशाला नजर ठेवा. इधवेचा हात नको म्हणून ज्योत्स्नाला बोलावली आन तिच्याकडनं हळदकुंकू लावून घेतलं.

माया हाय तशी राहू दे. दुधावानी पातळ झाली तर पाण्याचं कारण सांगू नको.

तुझी सासू,
शालूबाई

*

कामशेत, दि. २८ मार्च २०२५

ती. आत्याबाई यांना स्नेहलचा सविनय जयभीम व नमस्कार.

तुमचं पत्र ड्युटीवर वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत एकटीच हसत सुटले. डबा तसाच राहिला. बऱ्याच दिवसांनी असं हसले, म्हणून आधी तुमचे आभार.

आत्याबाई, तो बुद्ध नव्हे. लोक त्याला हसरा बुद्ध म्हणतात, दुकानात शोभेला ठेवतात. तो चीनकडचा कुणी आनंदी साधू आहे म्हणतात. आमचे भगवान डोळे मिटून शांत बसलेले असतात आणि त्यांच्या पोटाबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण चुकलं तर पुन्हा ज्योत्स्नाताईंना धावपळ. देवळीत पांढरं धुतलेलं कापड अंथरायचं. मूर्ती मध्ये, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. हळदकुंकू नाही, नारळ नाही, नैवेद्य नाही. एक मेणबत्ती, एक उदबत्ती, ओंजळभर फुलं. फूल वाहताना मनात म्हणायचं, की हे जसं कोमेजणार तसंच माझं शरीरही. मग त्रिसरण आणि पंचशील म्हणायचं. भगवान नवसाला पावत नाहीत, कोपतही नाहीत. त्यांच्यासमोर बसून आपणच आपल्याला जरा सरळ करायचं, एवढंच.

आणि आत्याबाई, मेणबत्ती तुम्ही स्वतः लावायची. सवाष्ण लागत नाही. विधवेचा हात चालत नाही असं तिथं काही नाही. माझाही हात रोज चालतोच की.

माझी ती ब्यागेतली मूर्ती निलेशने लग्नानंतर कार्ल्याच्या पायथ्याशी घेतली होती. ती तुमच्या देवळीत ठेवावी असं मनात आलं. चौदा एप्रिलला इथं जयंतीची मिरवणूक आहे. त्यानंतरच्या रविवारी, वीस तारखेला, सृष्टीला घेऊन येते. परत राहायला येण्याचं मात्र आत्ताच काही म्हणत नाही. तुमच्याशी एका गोष्टीवर बोलायचं आहे. पत्रात नको, भेटल्यावर बोलू.

गुडघ्याला तेल लावता ना? सृष्टी म्हणते, आजीला सांग, माझा एक दात पडला.

आपली माया अशीच सावलीसारखी असू द्या.

आपली,
स्नेहल

*

औंढे, ता. ५ एप्रिल २०२५

चि. स्नेहल हिस आशीर्वाद, दात पडलेल्या बाईला इशेष.

तुझा कागद वाचला आन त्या पोटल्याला देवळीतनं खाली उतरवला. आता तो कुटं हाय इचार. दत्तोबा भाऊजी आलते. त्यांनी बघितला, दुकानदार पैसा येतो म्हणाला ते म्या जसंच्या तसं सांगितलं. भाऊजींनी दोनदा वजन करून बघितला आन पिशवीत घालून नेला. आता टीव्हीवर बसलाय त्यांच्या. माझ्या घरातलं देव न्यायची सवयच हाय त्यास्नी, एक कमी एक जास्त.

तू लिवलंस ते दोनदा वाचलं. मेणबत्तीचं चारदा.

खरं सांगू? तुझं सासरं गेलं त्या दिवसापासनं ह्या देवळीत म्या वात लावली न्हाई. आधी निलेश लावायचा. तो गावाला नसला की ज्योत्स्नाच्या पोराला हाक मारायची. तेल मीच आणायचं, वात मीच वळायची, काडी मात्र दुसऱ्यानं वढायची. कुणी बांधून ठेवलं न्हवतं. रीतच तशी, म्हणून हात मागं घ्यायची. तुझा कागद वाचला आन काडीपेटी हातात घेतली. देवळीत अजून कोणी न्हवतं. रिकाम्या चुन्यापुढंच मेणबत्ती लावली. पहिली काडी इझली. दुसरी बी. तिसरीला लागली. मी खाली बसले ते ज्योत्स्ना दूध मागायला येस्तवर तितंच.

पण तुझा देव काहीच खात न्हाई ह्याचं मला वंगाळ वाटतं. घरी आलेल्याला इंद्रायणीचा भात बी द्यायचा न्हाई? पाणी तरी ठेवू दे.

लहानपणी शेरडं घेऊन आमी भाज्याच्या लेण्यात बसायचो. ऊन लागलं की तितं गार. पांडवांनी एका रातीत कोरली असं आमची म्हातारी सांगायची. तितं तुझ्याच देवाची माणसं राहत व्हती हे निलेशनं मला सांगितलं, तुझ्याशी जमल्यावर. म्हंजी मी तुझ्याआधी त्याच्या घरची पाव्हणी हाय. आता तो माझ्या घरी येतोय, तर फिटलं.

वीस तारखेला ये. चाफा फुललाय. करवंदं अजून हिरवी हायत, सृष्टीला सांग, आल्या आल्या झुडपाकडं पळू नको. तुझ्या त्या गोष्टीचं काय ते बघू. गोष्टी काय, भेटल्यावर इसरून बी जात्यात.

लोभ वाढवायची घाई न्हाई, तुटू दिऊ नको एवढं पुरं.

सासू शालूबाई

*

औंढे, ता. २५ एप्रिल २०२५

चि. स्नेहल हिस आशीर्वाद इशेष.

तुमी दोघी कामशेतच्या जीपमधी बसलात आन घर एवढं मोठं झालं की मला सोप्यातनं चुलीपर्यंत चालवंना. म्हणून सरळ देवळीपुढं जाऊन बसले.

मूर्ती छान दिसती. पांढऱ्या कापडावर आन पांढऱ्या चुन्यात पांढरी, तरी उठून दिसती. उजव्या खांद्याचा टवका उडालाय तो चिकटवलाय, तू म्हणलीस की निलेशच्या हातनं पडली आन त्यानंच जोडली. तू गेल्यावर म्या तितं अंगठा फिरवला. डिंक जरा वर आलाय. नीट पुसला न्हाई त्यानं. कधीच नीट पुसायचा न्हाई. रोज फुलं वाहिली की एकदा तितं बोट लावती. हे तुझ्या रीतीत बसत नसंल तर मला कळवू नको.

सृष्टीनं पंचशील पाठ करून घेतलं माझ्याकडनं. चुकलं की डोळे वटारायची. मास्तरीण हुईल. पयलं, जीव मारायचा न्हाई. ढेकणांनी हे ऐकलं वाटतं, निवांत झाल्यात. दुसरं, चोरी. शेजारच्या कढीपत्त्याला हात लावायचं सोडलं. तिसरं, परपुरुषाचं, माझ्या वयाला फुकटात पडलं. पाचवं दारूचं, तिच्या थेंबालाबी म्या कधी शिवले न्हाई, पण मिश्री त्यात बसती का ते शोधून सांग. बसत असली तर सवडीनं सांग.

चौथं मात्र घशात अडकतंय. खोटं बोलायचं न्हाई ते. शब्द अवघड न्हाईत, तरी तितं येऊन थांबती. पयलं दुसरं तिसरं धडाधडा, मग ठसका. ज्योत्स्नाला वाटलं उदबत्तीचा धूर. मी बी व्हय म्हणले.

भाऊजी येऊन गेले. दारातनंच बघत व्हते. म्या म्हणले, या, बसा, ह्याला बोकड लागत न्हाई, कोंबडा लागत न्हाई, तुमचा खर्च न्हाई. बसले. लय येळ बसले. मग म्हणले, आपल्या वाडवडलांनी कधी केलं न्हाई ते तू केलंस, भावकीत त्वांड कसं दाखवू. म्या म्हणले, वाडवडलांचं देव तुमी नेलं, देवळी माझ्या वाट्याला ठेवली. माझ्या वाटणीत मी काय बी पेरीन. भाऊजी उठले. जाताना वहाणा घालता घालता मूर्तीकडं बघून हात जोडल्यासारखं केलं, का सवयीनं केलं, कळलं न्हाई.

तू त्या दिवशी सारखी काहीतरी सांगायला तोंड उघडत व्हतीस आन मी तुला कधी कापड सरळ कर, कधी फुलं आण, कधी पोळ्या लाट सांगत व्हते. तुझ्या ध्यानात आलंच असंल. तू शहाणी हाईस. म्हातारीला येवढं माफ कर.

सृष्टीची शाळा जूनला सुरू व्हती. लोणावळ्याच्या शाळेचा फारम मे महिन्यात मिळतो म्हणं. सांगून ठेवलं.

वाट बघायला कोणी न्हाई असं करू नको.

सासू शालूबाई

*

कामशेत, दि. ४ मे २०२५

ती. आत्याबाई यांना सविनय जयभीम.

पाचव्या शीलात मिश्री बसते. सवडीनं सांगायला सांगितलं होतंत, पण नर्स आहे, लगेच सांगते.

त्या रविवारी तुम्ही मला बोलू दिलं नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. रागावले नाही. तुमच्या हाताखाली पोळ्या लाटताना मलाच वाटत होतं, की आजचा दिवस असाच जाऊ दे. पण शाळेच्या फॉर्मचं वाचलं आणि आता न सांगणं म्हणजे फसवणं होईल.

आमच्या हॉस्पिटलमध्ये सत्यम नावाचा एक्स-रे टेक्निशियन आहे. तळेगावचाच. त्याची बायको करोनात गेली, मूल नाही. माणूस साधा आहे. त्याने मला लग्नाचं विचारलं. निलेशनंतर असं काही माझ्या मनात येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आलं तेव्हा मी आठवडाभर मूर्तीसमोर बसू शकले नाही. घरी आई-दादा म्हणतात, हो म्हण. मी सत्यमला सांगितलं, की आत्याबाईंना विचारल्याशिवाय माझं उत्तर नाही. त्या नको म्हणाल्या तर नको. तो म्हणाला, मीच औंढ्याला जाऊन त्यांच्या पाया पडतो. मी त्याला थांबवलं. म्हटलं, हे माझं मला सांगू दे.

पण शिमग्यापासून तोच बदलला आहे. समोर आला तर नजर खाली. कामापुरतं बोलतो. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाला, तुमच्या मनाविरुद्ध काही व्हायला नको, मला माफ करा. म्हणजे त्यानेच माघार घेतली असावी. कदाचित सृष्टीचा विचार करून घाबरला असेल. मग तुम्हाला कशाला त्रास द्यायचा असं वाटून मीही गप्प राहिले. पण आत्याबाई, त्याच्या गप्प राहण्याने मला रडू आलं तेव्हा मला कळलं, की माझं उत्तर काय होतं.

आता विचारण्यासारखं उरलंय की नाही माहीत नाही. तरी विचारते. तुमचं मन काय म्हणतं? नाही म्हणालात तरी मी तुमची आणि सृष्टी तुमचीच.

बारा तारखेला वैशाख पौर्णिमा आहे. पांढरं लुगडं नसेल तर कुठलंही धुतलेलं चालतं. खिरीचं दान करतात त्या दिवशी. तुम्हाला खायला घालायला शेवटी काहीतरी मिळालं.

रागावलात तरी पत्र पाठवाच.

आपली,
स्नेहल

*

औंढे, ता. १२ मे २०२५, वैशाख पुनव

चि. स्नेहल हिस सासूचा आशीर्वाद. सृष्टीला खिरीची वाटी भरून पापे.

तुझा कागद येऊन चार दिस झाले. उत्तर लिवायला घेतलं की उठून म्हशीला पाणी दाखवायची. म्हस बी कंटाळली, पाण्याकडं बघंना.

आज पहाटे न्हाले. पांढरं पातळ हाय, तुझं सासरं गेल्यावर माझ्या भावानं घेतलेलं. कधी नेसले न्हवते, रागानं पेटीत घातलं व्हतं. आज आपणहून नेसले, तर ते पातळ तेवढं काही वाईट न्हाई. खीर केली, इंद्रायणीच्या कण्यांची. ज्योत्स्नाकडं, भाऊजींकडं, खालच्या आळीला, बंगल्यावरच्या वॉचमनला, सगळ्यास्नी दिली. भाऊजींनी वाटी ठेवून घेतली, म्हणले उद्या देतो. वाटीच हाय, देव न्हाई, म्हणून म्या काही बोलले न्हाई.

मग मेणबत्ती लावली. आता एका काडीत लागती. काल वाहिलेला चाफा पिवळा पडून वाकला व्हता. आमच्यात शिळं फूल दिवस उगवायच्या आत काढत्यात. म्या आज काढलं न्हाई, बघत बसले. तू लिवलं व्हतंस ते आठवलं. फूल धरून ठेवलं म्हणून ताजं राहत न्हाई. निलेश बी ऱ्हायला न्हाई. मी बी ऱ्हाणार न्हाई. मग तुला ब्यागेतल्या मूर्तीवानी कुटं कोंडून ठेवू?

माझं मन काय म्हणतं इचारलंस. मन म्हणतं, नको. लय मोठ्यानं म्हणतं. सृष्टी दुसऱ्याला बाबा म्हणंल ते माझ्या कानाला चालणार न्हाई, हे आजच सांगून ठेवते. पण मन म्हणतं ते सगळंच ऐकायचं असतं तर देवळीपुढं बसून सरळ कशाला व्हायचं? तर ऐक. लगीन कर. माझ्या तोंडानं सांगते, उद्या भावकीत कुणी इचारलं तर सासूनं लावलं म्हणून सांग. तुला पिवळी साडी मी घेणार. पुढच्या पाकिटावर सौ. लिहीन आन खोडणार न्हाई.

मूर्ती हितंच राहू दे. ती मी देणार न्हाई. शाळेचा फारम आणला न्हाई. उन्हाळ्यात आन दिवाळीत सृष्टी माझ्याकडं, एवढं त्या सत्यमकडनं कबूल करून घे. त्याला घेऊनच ये, मी त्याला चांगलं तावून बघीन.

तो माघार घेणारा न्हाई. घाबरणारा बी न्हाई. हे मला कसं ठावं ते खाली लिवते. वर लिवायचा धीर झाला न्हाई. पयलं दुसरं तिसरं म्हणून झालं, चौथ्याला आज पुन्हा घसा दाटला, आन ह्या खेपेला उदबत्ती लावलेलीच न्हवती.

खालचं वाचून बी माया उरली तर तेवढीच धाड, मागची मागणार न्हाई.

तुझी,
शालूबाई

ता. क. मोटरसायकलवाला रंगवाला न्हवता. सत्यम व्हता. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आलता, तुला न सांगता. भुईवर बसून त्यानं हात जोडून तुला मागितलं. म्या त्याला सांगितलं की स्नेहलनं निलेशच्या चितेपुढं आण घेतलीया, पुन्हा लगीन करणार न्हाई, तू परत इचारलंस तर ती नोकरी सोडून जाईल, आन मी हे बोलले ते तिला कळू दिऊ नको. सगळं खोटं. पोरगं पांढरं पडलं. माझ्या पाया पडलं आन गेलं. मोटरसायकल वळणाआड गेली तशी म्या देवळीसाठी चुना कालवला.